गेनबाची राखण

चिलारवाडी म्हणून एक गाव होतं. त्या गावात एक भोळा माणूस राहत होता. नाव गेनबा. भोळा हे आपलं तोंडदेखलं. माघारी लोक काय म्हणायचे ते पोराबाळांसमोर सांगण्यासारखं नाही. सांगितलेलं काम गेनबा कधी टाळायचा नाही, हाच त्याचा दोष. टाळलं असतं तर गाव सुखी झालं असतं.

त्याची बायको हौसा. त्या घरात देवानं डोकं दिलं ते एकट्या हौसाला, आणि तेही दिवसभर नवऱ्यापायी खर्ची पडायचं. हौसा रीतीभातीची बाई. नवऱ्याला अहोजाहो करायची. त्यामुळे शिव्यासुद्धा मानानंच द्यायची.

त्या साली त्यांच्या रानात ज्वारी आली होती. रान म्हणजे तुकडाच, पण कणीस बघावं तर दाण्यांनी ठासलेलं. घरातली कणगी तळाला गेली होती. वर्षाची भाकरी त्या तुकड्यात उभी होती, दुसरीकडे कुठेही नव्हती. काढणी तोंडावर आली आणि नेमक्या भोरड्या उतरल्या. भोरडी म्हणजे साळुंकीएवढं पाखरू, पण एकटं कधी येत नाही. सगळं गणगोत घेऊन जेवायला येतं आणि कणसाचा खराटा करून जातं.

दरवर्षी राखण हौसाच करायची. रानाच्या मधोमध मेढी रोवून उंच माळा बांधलेला. त्यावर उभं राहून ती गोफण फिरवायची आणि गोफणीचा आवाज झाला की पाखरं थेट पलीकडच्या शिवारात जाऊन उतरायची. पण यंदा ओढ्यातल्या दगडावरून तिचा पाय घसरला. घोटा टम्म सुजला. अंगणाच्या पुढे पाऊल पडेना. गावातला जो तो आपापल्या माळ्यावर अडकलेला. मग राखणीला उरला कोण? गेनबा.

हौसानं देवाचं नाव घेतलं. पण करते काय!

"अवो, नीट ऐका," ती म्हणाली. "पाखरू दिसलं की गोफण मारायची. कणसावर एक पाखरू बसता कामा न्हाई."

"बास? एवढंच?"

"एवढंच करा, उपकार हुतील."

गेनबा माळ्यावर चढला. पाखरू दिसलं. त्यानं गोफण मारली. म्हणजे गोफणच मारली, सगळीच्या सगळी. ती भिरभिरत गेली आणि शेजारच्या तात्याबाच्या बाभळीत अडकली. मग गेनबा दिवसभर हाताची घडी घालून बसला. मारायला आता गोफण कुठे होती? भोरड्या समोर जेवत होत्या, हा बघत होता.

संध्याकाळी हौसानं कपाळावर हात मारून घेतला.

"अवो शहाणे! गोफण फेकून देत्यात व्हय? एक टोक बोटात अडकवायचं, गरागरा फिरवायचं आन् दुसरं टोक सोडायचं!"

"हात्तिच्या," गेनबा म्हणाला. "आधी सांगायचंस की."

दुसऱ्या दिवशी हौसानं फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधून दिला. गेनबा बांधावरून निघाला. वाटेत त्यानं फडक्याकडे बघितलं. फडक्याला टोकं होती. गेनबा विचार करू लागला, आणि गेनबा विचार करू लागला की शहाण्या माणसानं लांब उभं राहावं. त्यानं गाठ सोडली. एक टोक बोटात अडकवलं, फडकं गरागरा फिरवलं आणि दुसरं टोक सोडलं.

भाकरी गेली ओढ्यात. ठेचा गेला तात्याबाच्या डोळ्यांत. बिचारा तात्याबा बाभळीतली गोफण काढून द्यायला आला होता! "मेलो, मेलो" करत तो ओढ्याकडे पळाला आणि दुपारपर्यंत डोळे धूत बसला. गोफण मात्र त्यानं परत दिली. दिली म्हणजे गेनबाच्या पाठीत हाणली.

"अन्न फेकत्यात व्हय?" हौसा ओरडली. "काय म्हणावं तुमास्नी! भाकरी हातात आली की घट्ट धरायची. जीव गेला तरी सोडायची न्हाई!"

"आधी सांगायचंस की," गेनबा म्हणाला.

तिसऱ्या दिवशी तात्याबाच्या बैलानं दावं तोडलं आणि तो सरळ ह्यांच्या ज्वारीत शिरला. गेनबा माळ्यावरून उतरला, मागून गेला आणि त्यानं बैलाचं शेपूट पकडलं. शेपूट हातात आलं. घट्ट धरलं. आता जीव गेला तरी सोडायचं नाही!

बैल उधळला. पुढे बैल, मागे गेनबा, दोघांच्या खाली ज्वारी. ह्या बांधापासून त्या बांधापर्यंत गेले. तिकडून परत आले. बैलाला वाटलं, हा आता सोडेल. गेनबाला वाटलं, आपण सोडलं तर हौसा रागावेल. शेवटी बैलच दमून उभा राहिला. ज्वारीत एवढा रुंद रस्ता पडला होता की त्यातून वरात गेली असती.

गेनबा घरी आला तो मातीत लोळवलेल्या गाजरासारखा दिसत होता. हौसानं आधी त्याला घंगाळापाशी बसवून न्हाऊ घातलं आणि मग तोंड सोडलं.

"जनावराला हात लावायचा न्हाई! लांबनं मारायचं असतंय, लांबनं! म्हणून तर गोफण दिलीया. हे घ्या गोळे. सुजलेला पाय घिऊन म्या मळल्यात आन् वाळवल्यात. दगुड मारू नगा. दगुड रानात पडला की काढणीला विळ्याची धार जाती. मातीचा गोळा फुटला की माती हुती, कुणाचं नुकसान न्हाई."

"आधी सांगायचंस की."

चौथ्या दिवशी मात्र गेनबाला गोफण जमली. खोटं कशाला बोलू! एक टोक बोटात, गरागरा, सोडलं दुसरं, गोळा सणसणत गेला आणि पाखरांचा थवा उठला. गेनबा खूश झाला. मग तो माळ्यावरून उतरला, गोळा पडला होता तिथे गेला, फुटलेल्या गोळ्याची सगळी माती धोतराच्या सोग्यात भरली, परत आला, चढला. तोवर थवा परत बसलेला. मग पुढचा गोळा. परत उतरला. परत माती. सूर्य मावळताना तो घरी आला आणि त्यानं हौसापुढे मातीचा ढीग ओतला.

"तुझ्या कष्टाचे गोळे. एक वाया घालवला न्हाई."

हौसानं तो ढीग पाटीत भरला. मग रानात उरलं काय, त्याचा तिनं मनात अंदाज घेतला. पाखरांनी नेलं ते गेलं, बैलानं तुडवलं ते गेलं. तरी निम्म्याहून जास्त कणसं उभी होती. काढणी परवावर आली होती. तेवढी घरात आली तर पोटापुरतं होणार होतं, नाही तर लोकांच्या दारात उभं राहायची पाळी. रात्री जागून तिनं त्या मातीचे गोळे पुन्हा मळले, चुलीपाशी वाळवले आणि उद्याचा दिवस निभावू दे म्हणून देवाला हात जोडले.

सकाळी तिनं गोळ्यांची पाटी त्याच्या डोक्यावर दिली.

"आजचा दीस सांभाळा. आन् एकदा सोडलं ते सोडलं. परत आणाया जायचं न्हाई."

"आन् गोळे संपले तर?"

"संपत न्हाईत."

"पर संपले तर?"

"अवो, मग हाताला लागंल ते मारा!" हौसा वैतागून ओरडली. बाई एवढी शहाणी, पण गेनबापुढे असलं वाक्य बोलतात काय?

त्या दिवशी भोरड्यांनी कहर केला. आभाळ काळं करून आल्या. गोळे न्याहारीच्या आतच संपले. गेनबा मुळीच घाबरला नाही. त्यानं आजूबाजूला बघितलं. पाण्याचं मडकं हाताला लागलं, ते मारलं. मडकंही मातीचंच, फुटून माती झालं. मग पायताण मारलं. मग दुसरं पायताण. घोंगडी मारली, मुंडासं मारलं. मग हातात आली भाकरी. त्यानं हात उगारला आणि तसाच थांबला. छे छे! अन्न फेकत्यात व्हय? त्यानं भाकरी डाव्या मुठीत घट्ट धरली.

मग उजव्या हाताला काय लागलं? माळ्याला लागून उभं असलेलं कणीस.

पहिलं कणीस भिरभिरत गेलं आणि तात्याबाच्या पडीक तुकड्यात पडलं. आणि काय सांगावं, अख्खा थवा त्याच्यामागे तिकडे गेला! इतक्या दिवसांत पहिल्यांदा पाखरं गेनबाचं रान सोडून गेली होती. गेनबाला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. परत येतील म्हणून त्यानं दुसरं मारलं. तिसरं मारलं. हाताला लागायची संपली तशी तो खाली उतरला आणि ओळीनं निघाला. कणीस मोड, मार. मोड, मार. बोटं सोलली, पण गडी थांबला नाही. पाणी प्यायला नाही, जेवला नाही. आळशी असता तर निम्मं रान वाचलं असतं. पण कामाला मेला वाघ!

दिवस कलला तशी हौसा काठी टेकत रानाकडे निघाली. घोटा ठणकत होता, पण जीव घरात राहीना. लांबूनच तिला भोरड्यांचा कलकलाट ऐकू आला आणि तिच्या लक्षात आलं की आवाज आपल्या रानातून येत नाही. तात्याबाच्या पडीकातून येतोय. तिला एवढं बरं वाटलं! "शिकले बाई एकदाचे," ती स्वतःशीच म्हणाली. आणि बांधावर चढली.

रानात ज्वारीची नुसती ताटं उभी होती. एकाच्याही डोक्यावर कणीस नव्हतं.

"अवो," हौसानं विचारलं. "कणसं कुठं हायती?"

"मारली," गेनबा म्हणाला.

"कुणाला?"

"पाखरांना. गोळे संपले नव्हं. तूच म्हणालीस, हाताला लागंल ते मारा."

हौसानं पडीकाकडे बघितलं. जमीन दिसत नव्हती, एवढ्या भोरड्या. आणि त्यांच्या मधोमध मान खाली घालून तात्याबाचा बैल.

"मग उभं काय ऱ्हायलाय? जावा, येचून आणा, आसंल तेवढं!"

"एकदा सोडलं ते सोडलं."

"त्यो बैल तरी हाकला!"

"हात लावायचा न्हाई न्हवं? लांबनं लई मारलं त्याला. कणसंच मारली. हलतच न्हाई."

हौसा मटकन बांधावर बसली.

"पर एक बघ," गेनबा छाती काढून म्हणाला. "आपल्या रानात कणसावर एक तरी पाखरू बसलंय का?"

हौसाला रडू कोसळलं. "आता वरीसभर काय खायचं वो आपुन? भाकरी कुठनं आणायची?"

"हात्तिच्या, भाकरीसाठी रडतीस व्हय?" गेनबानं डावी मूठ उघडली. आत सकाळची भाकरी होती, घामानं भिजलेली, चुरगळलेली. "ही बघ. घट्ट धरली दिवसभर. तुकडा सांडला न्हाई."

हौसानं त्या भाकरीकडे बघितलं. तिनं काठी चाचपली, ती कधीच बांधाखाली घरंगळली होती. मग हाताला लागलं ते तिनं उचललं. भाकरीच उचलली, आणि सगळी ताकद लावून त्याच्या थोबाडाकडे भिरकावली. भाकरी त्याच्या कानाजवळून गेली, पडीकात पडली आणि भोरड्यांनी बघता बघता संपवली.

गेनबा कधी नव्हे तो रागावला.

"अगं हौसे, अन्न फेकत्यात व्हय? किती येळा सांगायचं तुला!"