तकियातलं बी

"...पण बाबा, दिसतंय का कुठं? प्लास्टिकची एक तरी चिंधी दाखवा!"

अंकुशरावांनी उपरण्यात बांधून आणलेली शेतातली माती फकिरापुढे मोकळी केली. पन्नाशीचा माणूस, वीस एकर बागायत, पुरस्कारांच्या ढाली टांगायला भिंत अपुरी. पण ओढ्याकाठच्या या तकियात, फकिराच्या मठीत पाऊल टाकलं, की अंकुशरावांचा अंक्या व्हायचा.

हसनबाबा मातीकडे बघत राहिले.

लहानपणी शाळा सुटली की अंक्या इथंच पडीक असे. बाबांच्या काटेरी वांग्यांना पाणी द्यायचं आणि मोबदल्यात चुलीत भाजलेलं वांगं, शिळी भाकरी. किती गोड होते ते दिवस! ती चव नंतर कुठल्याच वांग्याला आली नाही. अंकुशरावांनी स्वतः लाखो पिकवली, तरी नाही.

आता बाबा थकले होते. यंदा त्या वांग्यांचं बी कुणा एकाच्या हाती सोपवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. अंकुशरावांना ते आपल्यालाच हवं होतं. दुसऱ्याच्या शेतात ते वांगं बघणं त्यांना सोसलं नसतं.

पण तकियाची रीत होती. बाबा आधी शेताची माती जिभेवर ठेवत, मगच बी देत. माती मनासारखी लागली की म्हातारा डोळे मिटून हसायचा. ते हसू बघायला अंकुशराव आले होते.

"प्लास्टिकचा कागद अंथरतोस ना रे वाफ्यांवर?"

"दहा वर्षं झाली. तण नाही, पाणी निम्मं."

"अन् पीक निघाल्यावर?"

"फाटतो हो तो. वेचत कोण बसणार? रोटाव्हेटर फिरवतो. पार भुगा होतो. मातीत मिसळला, माती झाला."

"माती झाला..."

"झालाच की! आता दोन वर्षं रोपं जरा पिवळी पडतात, मुळं आखडतात. हवामान बिघडलंय, दुसरं काय?"

बाबांनी मान डोलावली. उठून त्यांनी छताला टांगलेला वाळका भोपळा काढला. त्यात राखेत घोळलेलं बी होतं. माती न चाखताच भोपळा त्यांनी अंकुशरावांच्या मांडीवर ठेवला.

अंकुशरावांचा ऊर भरून आला. जिंकलो, असं वाटलं त्यांना.

मग बाबांनी चिमूटभर माती तळहातावर घेतली. दारातून ऊन येत होतं. मातीत बारीक काहीतरी चमकलं. इथं एक, तिथं एक... काळं, रुपेरी.

बाबांनी चिमूट तोंडाकडे नेली.

"बाबा, नको!"

अंकुशरावांनी झडप घालून म्हाताऱ्याचं मनगट पकडलं होतं. कसं पकडलं, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

बाबांनी त्यांच्याकडे वर बघितलं.

"का रे? माती झाला म्हणालास ना?"

अंकुशरावांना मनगट सोडायचं सुचेना. डोळे भरून आले.

"घे की बी. तुझंच आहे."

मांडीवरच्या भोपळ्याला हात लावायचा त्यांना धीर होईना.

बाबांनी हलकेच आपलं मनगट सोडवून घेतलं.

"माझा हात धरलास, बरं केलंस. रोपाचं तर तोंडच मातीत असतं, अंक्या... त्याचा हात कुणी धरायचा?"