बसला वाट द्या

समुद्राकाठी खारबंदर नावाचं एक शहर होतं आणि त्या शहरात पोशा नावाचा एक भोळा गडी राहत होता. भोळा म्हणजे किती? कुणी सांगितलं, "पोशा, जरा दाराकडे लक्ष ठेव," तर चोर खिडकीतून घर धुऊन नेईपर्यंत हा दाराकडेच बघत बसायचा.

पोशाची आई चांगुणाबाय. ती कोळीवाड्यातून टोपली घेऊन वरच्या बाजारात मासळी विकायला जायची. बाजार चढावर. जायला बस होती. एकच. आणि बसच्या पुढे मोटारी. त्या किती होत्या हे बघायच्या भानगडीत कुणी पडलं नव्हतं. एका मोटारीत एक माणूस, आणि तोही बहुतेक कोपऱ्यावरून पाव आणायला निघालेला. बस त्यांच्या मागे खोळंबायची, ऊन चढायचं आणि टोपलीतले बोंबील मऊ पडायचे. बोंबील काही दम धरणारा मासा नाही. बाजारातल्या बायका बोटाने दाबून बघायच्या, नाक मुरडायच्या आणि पुढे जायच्या. मग घरी जेवायला तेच मऊ बोंबील.

"पोशा," आई म्हणायची, "बोंबील ताठ हायत तवर बाजारात पोचले ना, तर देवाकडं मला दुसरं काय मागायचं नाय."

पोशाने हे मनावर घेतलं. तो तडक पालिकेत गेला.

तिथे नगराध्यक्ष बापूसाहेब ढवळे बसले होते. बापूसाहेबांनी शहराच्या वाहतुकीवर आयुष्यभर भाषणं ठोकली होती. भाषणाला जाताना ते दोन गाड्या नेत. एकीत ते स्वतः, दुसरीत त्यांची शाल.

"साहेब, आयची बस वेळेवर पोचायला पाहिजे."

"पोचेल की. रस्त्यावरच्या गाड्या कमी करायच्या, असा ठराव केलाय आम्ही."

"मग झाल्या कमी?"

"ठराव केलाय म्हटलं ना!"

बापूसाहेबांनी त्याच्याकडे नीट बघितलं. गडी धडधाकट होता, सांगितलेलं ऐकणारा होता आणि उलटून विचारणारा वाटत नव्हता. पालिकेला अशीच माणसं लागतात. त्यांनी पोशाला एक खाकी टोपी दिली, एक शिट्टी दिली आणि सांगितलं, "जा, रस्त्यावरच्या गाड्या कमी कर."

पोशा चौकात उभा राहिला. सगळ्यात जास्त जागा खाणारी गाडी कोणती, ते त्याने बघितलं. बस! ही एक काढली तर केवढा रस्ता मोकळा होईल. त्याने शिट्टी मारली, बस वळवली, डेपोत नेली आणि फाटकाला कुलूप लावलं.

रस्ता मोकळा झाला. लगेच त्यात आणखी मोटारी येऊन भरल्या. चांगुणाबाय टोपली डोक्यावर घेऊन चढ चढली. बोंबील मऊ.

लोकांनी पालिकेपुढे आरडाओरडा केला. बापूसाहेबांनी पोशाला बोलावून घेतलं.

"अरे गाढवा, बस काढायची नसते! बस येताना दिसली की सगळ्यांना बाजूला करायचं. हात दाखवायचा, ओरडायचं, बसला वाट द्या! आणि तिला सरळ जाऊ द्यायचं. कळलं?"

"कळलं साहेब. पुढच्या वेळी तस्संच."

दुसऱ्या दिवशी त्याला बसथांब्यावर नेमलं. थांब्यावर ही रांग. कोळणी, कॉलेजची पोरं, गुडघे धरून बसलेले म्हातारे. समोरून बस आली. पोशाने शिट्टी फुंकली.

"बाजूला व्हा! सगळे बाजूला! बसला वाट द्या!"

"आरं, आमाला चढायचंय!"

"आधी वाट द्या!"

सगळे बाजूला झाले. ड्रायव्हरला वाटलं, एवढी माणसं हात दाखवून वाट देतायत, म्हणजे पुढे काहीतरी तातडीचं असणार. त्याने बस सुसाट सोडली. दिवसभर असंच चाललं. बस प्रत्येक थांब्यावरून रिकामी, भरधाव. संध्याकाळी बापूसाहेबांनी पत्रकारांना बोलावलं आणि जाहीर केलं, की त्यांच्या कारकिर्दीत बस प्रथमच वेळेवर धावली. पेढे वाटले. बसमध्ये माणूस होता का, हे विचारायचं एकालाही सुचलं नाही. पत्रकार मोटारीने आले होते.

चांगुणाबाय पायी घरी आली. "पोशा, तुझी बस लय झ्याक पळते रं. लांबून बघितली."

पुढे बोंब झालीच. बापूसाहेब खवळले.

"अरे बैला, बस रिकामी पळवून करायचीय काय? गाडी आली की आडवं उभं राहायचं, थांबवायची आणि माणसं आत कोंबायची! आत जागा आहे तोवर हलू द्यायची नाही!"

"कळलं साहेब. पुढच्या वेळी तस्संच."

पुढची गाडी आली ती पांढरी होती. लांबडी, झेंडूच्या माळा लावलेली. आत माजी नगराध्यक्ष होते. आडवे. त्यांनी हयातभर फुटपाथ तोडून रस्ते रुंद केले होते आणि आता त्याच रुंद रस्त्यावर त्यांची शववाहिका अडकली होती. मागे सगळी प्रतिष्ठित मंडळी, प्रत्येक जण स्वतःच्या मोटारीत, काचा वर, एसी सुरू. दुःख बाहेर सांडू नये म्हणून.

पोशा आडवा झाला. मागचं दार उघडलं. आत केवढी तरी जागा!

"चला चला, चढा! बाजार, बाजार!"

लोकही वैतागलेले होते. चढले. चांगुणाबायने टोपली आत सरकवली आणि दचकली. "आरं पोशा, हितं कोण तरी निजलाय!"

पोशाने आत डोकं घातलं. "ओ काका, उठा. बायामाणसं उभी हायत आणि तुमी पसरलाय? सरका जरा."

काका सरकले नाहीत. "मोठ्या माणसांचं हे असंच," पोशा म्हणाला. "जागा सोडायला नको." आणि त्याने त्यांचे पाय उचलून दोन म्हाताऱ्यांना तिथे बसवलं.

मागच्या मोटारींतून मंडळी धावत आली. स्वतःच्या पायांनी एवढं अंतर त्यांनी कित्येक वर्षांत तोडलं नव्हतं. बापूसाहेबांना धापेमुळे शिवीसुद्धा पुरी देता येईना.

"नालायका... अशी फुलं लावलेली गाडी दिसली की टोपी काढायची! हात जोडायचे! डोळ्यांत पाणी आणायचं, फूल वाहायचं आणि म्हणायचं, फार लवकर गेलात हो!"

"कळलं साहेब. पुढच्या वेळी तस्संच."

आता बस सुधारा म्हणून लोक फारच मागे लागले. तेव्हा बापूसाहेबांनी जुनीच बस निळ्या रंगाने रंगवली, तिला 'सागरकन्या' नाव दिलं आणि नव्या बसच्या उद्घाटनाला मंत्र्यांना बोलावलं. मंत्री आले. त्यांच्या पुढेमागे एवढ्या मोटारी आल्या, की बसला मंडपापर्यंत यायलाच रस्ता उरला नाही. तिला ढकलत, वाट काढत आणावं लागलं. झेंडूच्या माळा घातलेली बस हळूहळू पुढे सरकतेय, पुढे सनई, मागे मोटारींची रांग.

पोशाने ते बघितलं आणि टोपी काढली. हात जोडले. डोळ्यांत पाणी आणायला त्याला कष्ट पडले नाहीत, आईची टोपली आठवली की यायचं. मंत्री रिबीन कापायला वाकले, तेवढ्यात तो पुढे झाला, बसवर फूल वाहिलं आणि गहिवरून म्हणाला,

"फार लवकर गेलात हो!"

मंत्र्यांची कात्री हवेतच राहिली. मंडपात हसू फुटलं, पण वरच्या खुर्च्यांवर नाही. तिथे कधी हसायचं ते मंत्र्यांचं तोंड बघून ठरतं.

बापूसाहेबांनी त्याला मंडपामागे नेऊन कान पिळला. "अरे टोणग्या, अशा वेळी नारळ फोडायचा असतो! टाळ्या वाजवायच्या असतात! हसायचं असतं!"

"कळलं साहेब. पुढच्या वेळी तस्संच."

लोकांचं रडगाणं चालूच राहिलं, म्हणून मग बापूसाहेबांनी एक मोठी सभा भरवली. विषय होता, शहरातल्या मोटारी कशा कमी कराव्यात. शहरातली झाडून सगळी वजनदार मंडळी आली. एकजात मोटारीने. किनाऱ्याच्या सभागृहासमोर उभं राहायला जागा उरली नाही. ड्रायव्हर गाड्या सोडून चहा प्यायला गेले. बापूसाहेबांनी किल्ल्यांचा अख्खा जुडगा पोशाच्या अंगावर फेकला.

"लाव कुठेतरी ओळीने. जिथे रिकामी जागा दिसेल तिथे. आणि आत येऊन त्रास देऊ नकोस."

पोशाने सगळीकडे बघितलं. रस्ता भरलेला, फुटपाथ भरलेला. रिकामी जागा दिसली ती एकच. ओहोटी लागली होती आणि वाळू लांबच लांब उघडी पडली होती. कोळ्याच्या पोराला वाळू दिसली की काय करायचं ते शिकवावं लागत नाही. त्याने कोळीवाड्यातले गडी बोलावले. होडी ओढतात तशा त्यांनी एकेक मोटार "हैस्सा" करत खाली नेली. ओळीने. तोंडं समुद्राकडे, म्हणजे निघताना वळवायला नको. प्रत्येकीला दोर बांधला, दोराला दगडाचा नांगर.

आत बापूसाहेब बोलत होते. मग दुसरे बोलले. मग तिसरे पहिल्या दोघांना अनुमोदन द्यायला उठले आणि पहिल्या दोघांपेक्षा जास्त बोलले. समुद्र काही अनुमोदनासाठी थांबत नाही. भरती आली.

पहिली मोटार उचलली गेली ती बापूसाहेबांची. दुसरी त्यांच्या शालीची. पोशाला आनंद झाला. नवी होडी पाण्यात उतरते तेव्हा कोळीवाड्यात काय करतात हे त्याला ठाऊक होतं, आणि साहेबांनीही कान पिळून तेच सांगितलं होतं. त्याने नारळ फोडला. टाळ्या वाजवल्या. पोट धरून हसला. टाळ्या ऐकून मंडळींना वाटलं, बाहेर आपलाच जयजयकार चाललाय. ती हात जोडूनच बाहेर आली.

त्यांनी बघितलं तेव्हा एकेक मोटार दोर तोडून सूर्यास्ताच्या दिशेने निघाली होती. काहींचे भोंगे वाजत होते. सवय.

त्यांनी पोशाला काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि म्हणणारे सगळे संस्कारांवर व्याख्यानं देणारे होते.

पण दुसऱ्या दिवशी गंमत झाली. खारबंदरचा रस्ता रिकामा होता. बस कोळीवाड्यातून निघाली आणि कुठेही न अडता सरळ वरच्या बाजारात जाऊन उभी राहिली. चांगुणाबायने टोपली उतरवली. बोंबील ताठ! बायकांनी बोटाने दाबून बघितले आणि नाक मुरडायचं विसरल्या. टोपली बघता बघता रिकामी.

"पोशा," आई म्हणाली, "असंच रोज व्हायला पाहिजे रं."

पोशा धावत पालिकेत गेला. "साहेब, असंच रोज व्हायला पाहिजे."

आत मंडळी बसलीच होती. आज शहरात प्रथमच काय घडलं, रस्ता का मोकळा राहिला, बस वेळेवर का पोचली, हे त्यांच्यासमोर लख्ख पडलं होतं. कुत्र्यालाही कळलं असतं. मंडळींनी खूप विचार केला आणि सगळ्यांनी मिळून नव्या मोटारी घेतल्या. आधीपेक्षा मोठ्या. रस्ता मोकळा होता ना.

प्रश्न एवढाच उरला, की त्या ठेवायच्या कुठे.

"वाळूवर नकोत," बापूसाहेब म्हणाले. "तिथे भरती येते."

"मग बसच्या डेपोत ठेवू. छप्पर आहे, फाटक आहे."

"आणि बस?"

"बस ठेवा वाळूवर."

"साहेब," पोशाने भीत भीत विचारलं, "पण तिथं भरती येते म्हणालात."

"बस आपल्यापैकी कुणाची आहे का?" बापूसाहेब म्हणाले, आणि ठराव एकमताने मंजूर झाला.

"नांगर टाकू ना साहेब?"

"टाक. सगळं आम्हीच सांगायचं का?"

डेपोच्या वाहनतळाचं उद्घाटन ठरलं. सकाळी मंडप पडला, नारळ आला, रिबीन आली, पत्रकार आले. समोरच वाळूवर निळी सागरकन्या नांगरलेली. तिच्या उद्घाटनाच्या माळा तशाच. चांगुणाबाय टोपली घेऊन बसची वाट बघत थांब्यावर उभी होती. आणि बापूसाहेबांचं भाषण रंगात आलेलं असताना पाणी चढलं. बस हलली. तिने एक गिरकी घेतली, दोर तुटला आणि ती लाटांवर डुलत निघाली.

पत्रकारांचे कॅमेरे तिकडे वळले. मंडळी पांढरी पडली. पण बापूसाहेब तसे हरणारे नव्हते. त्यांनी रिबीन उचलली, पाण्याच्या कडेशी धरली, कचकन कापली आणि गरजले, "खारबंदरच्या पहिल्या जलबस सेवेचं उद्घाटन झालं असं मी जाहीर करतो!"

नारळ फुटला. टाळ्यांचा कडकडाट. तोवर बस खिडक्यांपर्यंत बुडाली होती.

पोशाने मात्र टोपी काढली. हात जोडले. मंडपातलं एक फूल उचलून पाण्यात सोडलं. डोळे पुसले आणि म्हणाला, "फार लवकर गेलात हो."

जन्मात पहिल्यांदा पोशाचा धडा बरोबर जागी लागला होता.

बापूसाहेबांनी हसऱ्या तोंडानेच त्याला चिमटा काढला. "मूर्खा, इथे टाळ्या वाजवायच्या असतात!"

"कळलं साहेब. पुढच्या वेळी तस्संच."

"पुढच्या वेळी कसलं रं?" चांगुणाबायने टोपली डोक्यावर घेतली आणि चढाकडे तोंड वळवलं. "बस एकच होती."