करवंदीतली शिंपीण

फार जुन्या काळी करवंदीच्या जाळीत शिंपी पक्ष्याची एक मादी एकटीच राहायची. चार दाण्यांच्या बदल्यात ती पानं शिवून इतरांची घरटी सांधून द्यायची, पण तिच्याकडे कुणी फिरकतच नसे. मोर टेकडीवर नाचून गर्दी जमवतो, म्हणून तीही तिथे जाऊन ओरडली. घसा बसला, पण एकानेही मान वळवली नाही.

हिरमुसून परतताना तिला फाटक्या घरट्यात अंडी सावरत बसलेली मुनिया दिसली.

“अगं, कुणाला हाक तरी मारायचीस!”

“मारली गं ताई. सगळे टेकडीकडे बघत होते.”

शिंपिणीला भरून आलं. ती घरट्याला टाके घालू लागली.

दुसऱ्या दिवसापासून ती झाडोझाडी थांबून हळूच विचारू लागली, “काही उसवलंय का?”