शेवटचं पान आधी

"सांगू का तिला, भंतेजी?"

नंदेश्वर सर पायरीवरच उभे होते. चप्पलसुद्धा काढली नव्हती.

भंते सुमंगल पिंपळाखालच्या ओट्यावर बसले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. समोर माणूस आहे एवढंच त्यांना दिसतं.

"दयाराम का? … बस आधी."

सर बसले. विहाराची झाडलोट माझ्याकडे असते. त्या दुपारी मी ओट्याजवळ एक फाटकी सतरंजी शिवत होतो. मी उठू लागलो, तर सर म्हणाले, "बसा बाबा. तुमच्यापासून काय लपवायचं?"

मग त्यांनी हळू आवाजात सांगितलं. बायकोला, शशिकलाबाईंना घेऊन ते नागपूरला गेले होते. डॉक्टरांनी बाईंना बाहेर बाकावर बसवलं आणि यांना आत बोलावलं. म्हणाले, आता औषधाचा उपयोग नाही. घरी न्या. दुखणार नाही एवढं आपण बघू. दिवाळीपर्यंतचंसुद्धा सांगता येत नाही.

"तिला यातलं काही माहीत नाही," सर म्हणाले. "मी कळू दिलेलं नाही. पण असं किती दिवस चालवायचं? सांगू, की नको? तुम्ही म्हणाल तसं करतो."

भंतेंनी नदीकडं तोंड वळवलं.

भादवा होता. वैनगंगेला पाणी होतं आणि त्याचा आवाज ओट्यापर्यंत येत होता.

मग भंतेंनी विचारलं, "हल्ली काय वाचतोस?"

सरांनी आधी चमकून पाहिलं. मग त्यांचा चेहरा जरा सैल झाला. नंदेश्वर सर म्हणजे आमच्या गावचे मोठे वाचणारे. शाळेतून निवृत्त झाले आणि कादंबऱ्यांमागं लागले. महिन्यातून एका रविवारी ते वाचनालयात बसून वाचलेल्या पुस्तकांवर बोलतात. लोक मुद्दाम ऐकायला जातात. सरांनी नावं ठेवलेलं पुस्तक मग कपाटाबाहेर येत नाही.

"चार वाचल्या," सर म्हणाले. "दोन आजकालच्या जगण्यावरच्या. दोन रहस्यकथा."

"कशा आहेत?"

"पहिली पुण्यातल्या नवराबायकोची. दोघंही कंप्युटरवर. एका घरात राहून फोनवर निरोप पाठवतात. लिहिणारा हुशार आहे, वाक्यं चमकदार आहेत. पण एवढं जाड पुस्तक, आणि त्या घरात एकदाही वरण शिजत नाही हो."

"मग जेवतात काय?"

"मागवतात."

"उपाशी तर नाहीत ना?"

"नाही."

"मग बरं आहे."

सर हसले. त्या दिवशी तेवढंच हसले.

"दुसरी आश्रमशाळेतल्या मास्तरवर. ही चांगली. जंगल, पोरं, भिंतीला आलेली ओल, सगळं डोळ्यांपुढं उभं राहतं. पण मधेच लेखकाला मास्तरची दया येऊ लागते. तिथून कादंबरी खाली बसते. मग नुसतं उसासे टाकणं."

"दया वाईट?"

"पुस्तकात वाईट. दया आली की माणूस जसा आहे तसा दिसत नाही."

भंतेंनी मान हलवली. "आणि रहस्यकथा?"

आता सर सरसावून बसले. "एक कोकणातल्या बंगल्याची. राखणदारानं खून केलेला. तो डावखुरा आहे, हे लेखक शेवटाला येऊन सांगतो! आधी कुठं अक्षर नाही. ही फसवणूक झाली. मी रविवारी स्पष्ट बोलणार आहे. दुसरी बरी आहे. एका घाटातल्या खानावळीची. त्यात खुणा नीट पेरल्यात. तरी माझ्या नजरेतून सुटत नाहीत. खुनी कोण हे मला पहिल्यापासून कळत होतं."

"नेहमीच कळतं?"

"नेहमी. आजवर एकाही लेखकाला मला चकवता आलं नाही."

"कसं काय?"

सर थोडे घुटमळले. मग म्हणाले, "तुमच्यापासून काय लपवायचं? मी शेवटचं पान आधी वाचतो."

"अरे."

"त्यात वाईट काय आहे, भंतेजी? शेवट हातात असला की लेखकाची एकेक युक्ती उघडी पडते. बाकीचे लोक गोष्टीत वाहून जातात. मी काठावर उभा असतो."

"शेवट कळल्यावर बाकीची पानं कशाला वाचतोस?"

"तपासायला."

"काय?"

"कुठं चुकलं ते."

पिंपळाचं एक पान त्यांच्या चीवरावर पडलं. त्यांनी ते काढलं नाही.

"ती खानावळीची आहे का जवळ?"

सरांच्या पिशवीत होती.

"चल, आत बाया बसल्यात. त्यांना थोडी वाचून दाखव. मलाही ऐकायची आहे."

"भंतेजी, मी विचारलं ते…"

"चल तर."

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. भोजनदानाची भाजी चिरायला मोहल्ल्यातल्या बाया सभागृहात बसल्या होत्या. दोडक्याच्या सालींचा ढीग पडला होता. केवळाबाई विळीवर होत्या, त्यांच्याजवळ पुष्पा कोथिंबीर निवडत होती. भंते भिंतीला टेकून बसले. सर खुर्चीवर बसले, चष्मा पुसला आणि वाचू लागले.

सर वाचतात फार चांगलं. शाळेत मुलं हलत नसत म्हणे. बायांचे हातही जरा थांबले.

घाटातली खानावळ. पावसानं रस्ता बंद. आत अडकलेली माणसं… एक व्यापारी, एक नुकतं लग्न झालेलं जोडपं, एक औषधं विकणारा. आणि खानावळीची मालकीण, रखमाक्का. जाडजूड बाई, तोंड पट्ट्यासारखं चालणारं. भाजीवाल्याला झापते, व्यापाऱ्याला झापते, मांजरालासुद्धा झापते.

एक प्रकरण झालं. कोणी मेलं नव्हतं. कोणी कोणाला दुखावलंही नव्हतं. सगळे जेवून हात धुवत होते.

"थांब," भंते म्हणाले. "बायांनो, यात आता काय होईल?"

"रखमाक्का मरते," केवळाबाई म्हणाल्या. विळीवरून मानही वर केली नाही.

सरांचा चष्मा नाकावर घसरला. "तुम्ही हे पुस्तक ऐकलंय का आधी?"

"नाई जी. मले कोण वाचून दाखवते?"

"मग कसं सांगितलं? पुस्तकात तर कुठं खूण नाही. लेखकानं चांगली धडधाकट दाखवली आहे तिला."

"तेच म्हणून राहिली ना मी. ती बाई डरकाळ्या फोडून राहिली. भाजीवाल्याले पळवून लावते. अन् तुमी तिचं बोलणं असं वाचून राहिले, जसं कोणी खाटेवर पडून हाय."

पुष्पा म्हणाली, "मले वाटलं सराइचा घसा बसला. पण बाकीच्याइचं खणखणीत वाचते. तिची पाळी आली का घसा बसते."

बाया हसल्या.

"काहीतरीच," सर म्हणाले. "योगायोग आहे."

"ते भाजीवाल्याचं पुन्हा वाच," भंते म्हणाले.

सरांनी पान उलटलं. ताठ बसले. वर्गात बसत असतील तसे. आणि मोठ्या आवाजात सुरुवात केली.

"'ही वांगी म्हणायची? आत नुसतं बी! तुझ्या सासऱ्याला नेऊन घाल ही! माझ्या दारात पुन्हा दिसलास तर…'"

तिथं आवाज खाली आला. त्यांनी तो ओढून वर काढला. पुढच्या ओळीला पुन्हा खाली आला. मऊ झाला. फार मऊ. ओळ होती, 'टोपलीसकट ओढ्यात टाकीन तुला.' पण ती त्यांनी एखाद्याच्या कपाळावरून हात फिरवावा तशी वाचली.

या वेळी कोणी हसलं नाही.

सरांनी पुस्तक मांडीवर ठेवलं.

केवळाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग विळी आडवी केली. "चला वं बाया. नळ गेला तर भाजी धुवाची राहीन."

"आता तर आला नळ," पुष्पा म्हणाली.

"चाल म्हणते ना मी."

त्या गेल्या. सभागृहात दोडक्याचा हिरवा वास राहिला. मी सतरंजी हातात घेऊन दाराशी उभा होतो. जावं की थांबावं, मला कळेना. मी थांबलो.

"भंतेजी," सर म्हणाले, "मी तिला एक शब्दही सांगितलेला नाही."

"हं."

"खरंच सांगतो. डॉक्टरांनी दिलेले कागदसुद्धा मी मुलीच्या घरी ठेवून आलो. घरात मी हसतो. बोलतो. पूर्वीसारखाच वागतो."

"ती काय विचारते?"

"काही नाही. नागपूरला जायच्या आधी विचारायची. रोज. डॉक्टर काय म्हणाले, कधी बरं वाटेल, पापड कधी घालू. मागं लागायची. आता…"

सर थांबले.

"आता विचारत नाही. मला वाटलं, आराम पडला असेल."

भंतेंनी भिंतीवरची पाठ काढली. जरा पुढं झाले.

"परवा माझ्याकडून चहात मीठ पडलं," सर म्हणाले. "साखर समजून. मला नंतर कळलं, माझा कप तोंडाला लावल्यावर. तोवर तिनं तिचा पिऊन टाकला होता."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"काही बोलली?"

"नाही. कप खाली ठेवला. … शशी, भंतेजी! तुम्ही ओळखता तिला. साखर कमी पडली तरी आमचं भांडण चौकापर्यंत ऐकू जायचं. कप उचलून नालीत ओतायची. मीही काही कमी नव्हतो. एकदा तिनं माझं पुस्तक चुलीत घालायला काढलं होतं. लग्न झाल्यापासून आम्ही भांडतच आलो. लोक म्हणायचे, या दोघांचं जमतं कसं."

"आणि परवा तू काय म्हणालास?"

"मी? काय म्हणणार? आराम कर म्हणालो."

"कसं?"

"कसं म्हणजे?"

"तिला म्हणालास तसं म्हण."

सरांना ते विचित्र वाटलं असावं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं.

"आराम कर," सर म्हणाले.

तो आवाज मी आत्ताच ऐकला होता. रखमाक्काचा.

सरांनीही ऐकला. ते तोंड थोडं उघडं ठेवून तसेच बसले. जणू शेजारून दुसरंच कोणी बोललं होतं.

"आराम कर…" त्यांनी पुन्हा म्हणून पाहिलं. जरा मोठ्यानं. जरा सहज. तरी तोच आला.

मी बरीच माणसं रडताना पाहिली आहेत. सर रडले नाहीत. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, मग पुन्हा काढला, मग हातातच धरला.

"म्हणजे तिला…"

सर दाराबाहेर पाहू लागले.

"नागपूरहून येताना बसमध्येच. मी तिला खिडकीजवळ बसवलं. सांभाळून म्हणालो. ती माझ्याकडं बघतच राहिली. मग खांद्यावर डोकं ठेवून झोपली. कधी ठेवत नाही ती. … तेव्हापासून, भंतेजी. तेव्हापासून ती ते एकटीच घेऊन बसली आहे. आणि मी रोज समोर बसून…"

बाहेर नळावर बाया भांडी वाजवत होत्या. केवळाबाई कोणाला तरी पाणी सांडलं म्हणून रागावत होत्या.

"आता सांगायला उरलंच काय?" सर म्हणाले. "सांगितलं तरी तेच. न सांगितलं तरी तेच. मी घरात पाय ठेवला की ती माझा आवाज ऐकणार. काय बोलू मी तिच्याशी? तोंड कसं उघडू? तुम्हीच सांगा. करू काय मी?"

भंते उठले. भिंत धरत सरांपर्यंत आले. चाचपत त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. भंते सहसा कोणाला हात लावत नाहीत. हात बराच वेळ तिथं होता.

मग त्यांनी मांडीवरचं पुस्तक उचललं आणि माझ्याकडं दिलं.

"जा, दयाराम," ते म्हणाले. "घरी जा, आणि आज तिच्याशी नीट भांड."