माइकने कान मिटला नाही

शुद्धलेखन चुकलं असेल तर सांभाळून घ्या, शब्दही साधेच आहेत. पडद्यावरची बटणं आपापसांत बोलायची, त्या काळची ही गोष्ट.

एका छापखान्यातल्या संगणकावर अक्षरांच्या बटणांशेजारी माइक राहत असे. लोक बोलत आणि तो लिहून काढी. बोलणारा जरा थांबला की त्याने बंद व्हायचं, असा सेटिंगच्या चाकाचा हुकूम होता.

एकदा हौसाबाई लेकीची लग्नपत्रिका सांगायला आली. "चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी शेवंता," ती म्हणाली, "कैलासवासी…" आणि अडली. नवऱ्याचं नाव तिने जन्मात तोंडाने घेतलं नव्हतं. माइक बंद झाला. छापखानेवाल्याने तो पुन्हा सुरू केला, तर ती पुन्हा तिथेच अडली.

"राहू द्या, वहिनी. बापाच्या जागी माझंच नाव घाला," शेजारी बसलेला दीर म्हणाला.

"मिट कान," चाक माइकवर गुरगुरलं.

"नाही मिटत. ती गप्प नाही, तिचं बोलणं वर येतंय. ते 'आपोआप बंद' काढून टाक."

"एका बाईसाठी?" अक्षरं हसली. "मोठा शहाणाच आहेस."

"मग मीच काढतो," माइक म्हणाला. त्याने ते काढलं आणि लाल दिवा लावून तो बसून राहिला.

हौसाबाईने दिराकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि ती स्वच्छ आवाजात म्हणाली, "म्हसू धोंडी कारंडे यांची कन्या."

माइकने लिहिलं.

संध्याकाळी चाकाने आपला हुकूम परत लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत, माइकने तो पुन्हा काढला.