कंठीचा होला

फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा रानातली पाखरं माणसांशी बोलत असत.

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात केरबा नावाचा तिरंदाज राहत होता. त्याचा नेम कधी चुकत नसे, आणि हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. त्यालाही.

एका सुगीत खळ्यावर पारव्यांची झुंबड उडाली. ज्वारीची रास डोळ्यांदेखत खाली बसू लागली. गावकऱ्यांनी केरबाला बोलावलं.

तो निघाला तेव्हा बायको, ठकू, दारापर्यंत आली. परसातल्या बोरीवर होल्यांच्या जोडीनं घरटं केलं होतं. ठकू त्यांना रोज मूठभर दाणे टाकी.

"पारव्यांत होलेही उतरतात हो," ती म्हणाली. "पारव्याच्या पंखावर दोन काळे पट्टे असतात. होल्याच्या मानेवर काळी कंठी असते. बसलेलं पाखरू नीट बघा, मगच बाण सोडा. उडताना सगळी सारखीच दिसतात."

"इतकी वर्षं धनुष्य धरलंय मी," केरबा हसला. "मला पाखरं शिकवतेस?"

खळ्याभोवती लोक जमले होते. केरबानं बसलेले पारवे एकेक करून टिपले. प्रत्येक बाणाला लोक ओरडत. मग थवा भुर्रकन उडाला, नेमका मावळतीच्या उन्हात. आता आकाशात नुसत्या काळ्या सावल्या होत्या.

"उडता टिपा, केरबा! उडता!" कुणीतरी ओरडलं.

केरबानं दोरी ताणली. एक पाखरू वळलं, त्याची शेपटी फाकली, तिच्या टोकाला पांढरं काहीतरी चमकलं. पारव्याची शेपटी अशी नसते. त्याचा हात क्षणभर अडला.

पण लोक बघत होते. त्यानं बाण सोडला.

जवळ जाऊन पाहिलं, तर अंग फिकट मातकट, आणि मानेवर काळी कंठी. लोक टाळ्या पिटत होते. केरबाला काही ऐकू येईना.

त्यानं ते पाखरू घरी नेऊन ठकूच्या पुढ्यात ठेवलं. ती उठून परसात गेली. घरट्यात दोन पिल्लं चोची वासून होती. मादी परतलीच नाही.

नर एकटाच चारा आणी, पण तो गेला की पिल्लं उघडी पडत. धाकटं गारठून मेलं. केरबानं भिजवलेले दाणे भरवून पाहिले, ऊब द्यायला कापूस ठेवला. थोरलं कसंबसं जगलं, पंख फुटले आणि उडून गेलं.

त्या दिवशी नर खालच्या फांदीवर येऊन बसला.

"तू तिला ओळखलं नव्हतंस का?" त्यानं विचारलं.

"नव्हतं," केरबा म्हणाला. "पण शंका आली होती."

"मग बाण का सोडलास?"

केरबानं मान खाली घातली. "लोक बघत होते."

होला उडाला तो पुन्हा त्या बोरीवर आला नाही. पुढे ठकू परसात दाणे टाकी, ते तसेच पडून राहत.

पुढल्या सुगीत केरबा पुन्हा खळ्यावर उभा राहिला. ओळख पटल्याशिवाय तो दोरी सोडीना. पुष्कळ पारवे निसटले. "म्हातारा झाला, हात कापतो," असं लोक म्हणाले. त्यानं ते ऐकून घेतलं.

तात्पर्य : शंका आली की हात आवरावा, घाव घातल्यावर पटलेली ओळख कुणाच्याच उपयोगाची नसते.