उस्तादांची पट्टी

"पण पट्टी सोपानलाच का?"

रंगनाथ पांचाळनं हे तिसऱ्यांदा विचारलं. उस्ताद शिकलगार त्याच्या परसातल्या शेडमध्ये स्टुलावर बसून लेथ न्याहाळत होते.

भंगारातून आणलेला हा कातकामाचा झिजका लेथ रंगनाथनं दोन वर्षं खपून, त्याचा बेड म्हणजे खालची लांब बैठक हातानं खरवडून उभा केला होता. दोन गल्ल्या पलीकडे सोपाननंही तसाच एक उभा केला होता. दोघंही उस्तादांचेच चेले. आणि उस्तादांनी आपली जुनी बिडाची सरळपट्टी, जिला निळी शाई फासून लेथच्या बेडचा उंचसखलपणा शोधायचा, ती गेल्या महिन्यात सोपानला देऊन टाकली होती. तेव्हापासून रंगनाथला अन्न गोड लागत नव्हतं.

"मी तुमच्याकडं आधी आलो. त्याच्या तीन वर्षं आधी."

"व्हय."

"माझा हात त्याच्यापेक्षा साफ आहे."

"आहे की."

"मग?... त्याचा लेथ खोटा आहे, उस्ताद. मी बघितलाय."

"कसा बघितलास?"

रंगनाथ जरा अडखळला. पण पोटात जळत असलं की ओठांवर काही थांबत नाही.

"परवा गेलो होतो त्याच्याकडं. तो चहाचं सांगायला आत गेला, तेवढ्यात तुमची पट्टी त्याच्या बेडवर ठेवली. दोन्ही टोकांना टेकली, मधे नाही. खालून कागद आरपार गेला. बेड मधे खोलगट आहे त्याचा."

"मग चहा घेतलास?"

"...नाही. काम आहे म्हणून निघालो."

उस्तादांनी मान हलवली.

"आणि तुझा बेड?"

रंगनाथ याचीच वाट बघत होता. त्यानं स्वतः बनवलेली पट्टी काढली, शाई लावली, बेडवर एकदा फिरवून उचलली. या टोकापासून त्या टोकापर्यंत निळे ठिपके. कुठंही खंड नाही, म्हणजे पट्टी सगळीकडं टेकली.

"पट्टी झकास केलीस. कशाला जुळवून केलीस?"

रंगनाथ पट्टीवरची शाई पुसू लागला.

"रंगनाथ?"

"...सोपानच्या बेडला. गेल्या दिवाळीत. जो तो त्याच्याच लेथचं कौतुक करायचा. म्हटलं, आपला तसूभर कमी नको. तो गावाला गेला होता, किल्ली माझ्याकडं होती... मग त्या पट्टीवरनं माझा बेड खरवडला."

"हा सोपानचा बेड," म्हणत उस्तादांनी आपला डावा तळवा खोलगट केला. "ही तुझी पट्टी," म्हणत रंगनाथची मूठ धरून त्यात बसवली. नेमकी बसली. मग तीच मूठ उचलून त्याच्या दुसऱ्या हातावर दाबली. तो हात आपसूक तिच्याभोवती वळला, खोलगट झाला.

रंगनाथ आपल्या हाताकडे बघत राहिला.

"म्हणजे माझाही..."

"त्याचा जेवढा, तेवढाच. केसाचा फरक नाही."

रंगनाथनं आपली पट्टी बाजूला सारली. त्याला रडू येऊ लागलं. रागही आला, आणि तोसुद्धा आधी सोपानचाच आला.

"त्याला ठाऊक आहे?"

"त्याचं त्याला ठाऊक आहे. महिन्यापूर्वी आपल्या पायानं आला. म्हणाला, उस्ताद, माझा बेड चुकलाय. म्हणून पट्टी दिली."

"...आता मी काय करू?"

उस्ताद उठले. पायानं चपला चाचपू लागले.

"सोपानकडं जा. पट्टी माग... आणि आज चहा घे."